बांधलेल्या जनावराला नैवेद्य

आमच्या ले-आउटच्या, म्हणजे प्लॉट पाडून झालेल्या वसाहतीच्या, मागे एक मोकळी जागा आहे. नकाशावर तिथे बगीचा आहे. प्रत्यक्षात झोपाळ्याचे दोन लोखंडी खांब, एक कडुनिंब, त्याखाली सिमेंटचा बाक आणि बाकी नुसतं मैदान. झोपाळा कोणी नेला हे सगळ्यांना माहीत आहे, बोलत कोणी नाही. लोणारात आम्ही या जागेला ओपन स्पेस म्हणतो. लांबलांबचे लोक इथे सरोवर पाहायला येतात, आणि आम्ही सकाळी उठून कुत्री घेऊन ओपन स्पेसला जातो.

त्या जागेला नियम लावले ते मी. मला कोणी सांगितलं नव्हतं. उभी नोकरी सुलतानपूरच्या शाळेत गेली. निवृत्त झाल्यावर वर्ग सुटला, खोड सुटली नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझी मेल्यावर तरी जाईल की नाही, याबद्दल आमच्या घरी शंका आहे.

नियम माझ्या डोक्यातून आले नव्हते, पुण्याहून आले होते. माझी मुलगी तिथे नोकरीला होती आणि तिने एक लॅब्रडॉर पाळला होता. तिची बदली बंगलोरला झाली, तिथला घरमालक कुत्र्याला नाही म्हणाला, तेव्हा कुत्रा आमच्या गळ्यात आला. त्याआधी त्याच्या सवयी समजून घ्यायला मी काही दिवस तिच्याकडे राहिले. ती मला त्यांच्या डॉग पार्कात घेऊन गेली. खास कुत्र्यांसाठी बगीचा, आणि त्याला एकामागे एक अशी दोन फाटकं. पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, म्हणजे कुत्रं निसटून रस्त्यावर जात नाही. दुसऱ्याच्या कुत्र्याला हात लावायच्या आधी मालकाला विचारायचं. आजारी कुत्रं आणायचं नाही, माजावर आलेली कुत्री आणायची नाही, घाण ज्याची त्याने उचलायची. माणसांच्या लग्नात एवढी शिस्त नसते, असं मी मनात म्हटलं. माझ्या पर्समध्ये शंकरपाळे होते. शेजारी एक गोजिरवाणं पिल्लू आलं, त्याला मी एक दिला. लगेच आणखी दोन कुत्री धावली आणि एकमेकांवर गुरगुरायला लागली. माझ्या मुलीच्या वयाची एक पोरगी आली आणि शांतपणे म्हणाली, "काकू, इथे खायला आणत नाहीत. भांडणं होतात." मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना अंगठे धरून उभं केलं. त्या दिवशी मुलीसमोर माझे कान गरम झाले.

झालेल्या अपमानाचा मी लोणारात आल्यावर नियम केला. ओपन स्पेसमध्ये तेव्हा तीन कुत्री यायची. एक आमचा. दुसरा कृषी केंद्रवाल्या भाऊंचा अल्सेशियन, दिसायला दांडगा आणि मनाने भित्रा. तिसरा एका ऑफिसातल्या क्लार्कचा पांढरा पामेरियन, त्याच्या बरोबर उलट. मी तिन्ही कुत्र्यांना इंजेक्शनं द्यायला लावली. साखळी सोडायची नाही, जुन्या पेपरात घाण उचलायची, आणि मैदानात खायचा एक दाणा आणायचा नाही. एकदा कृषी केंद्रवाल्या भाऊंनी खिशातून बिस्किट काढलं, तर मी त्यांना सगळ्यांदेखत परत ठेवायला लावलं. ते वयाने माझ्याहून थोडेच लहान. हसले आणि ठेवलं. बाईंपुढे कोण बोलणार?

आता मावशींबद्दल सांगायला हवं, कारण हे सगळं त्यांचंच आहे.

मावशी आमच्या शेजारी राहतात. माहेर-सासर दोन्ही साखरखेर्ड्याकडचं, शेतात भाजीपाला. मुलाने इथे घर बांधलं तेव्हा त्या आल्या. गुडघ्याचं ऑपरेशन जालन्याला झालं होतं आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज चालायचं, नाहीतर गुडघा आखडेल. आमच्या गल्लीत खड्डे आणि मोटरसायकली. चालायला सरळ जागा एकच, ओपन स्पेस. आणि मावशींना कुत्र्याची भीती. लहानपणी वावरात एका धनगराच्या कुत्र्याने त्यांची पोटरी धरली होती. कुत्रं गल्लीच्या त्या टोकाला दिसलं की त्या या टोकाला घरात जायच्या.

मीच त्यांच्या मागे लागले. आमच्या ओपन स्पेससारखी सुरक्षित जागा लोणारात नाही, तिथलं एकेक कुत्रं शाळेतल्या पोरासारखं वागतं, वगैरे. त्या तयार होईनात. शेवटी मी म्हटलं, "मी हाये ना." यावर त्या आल्या.

मी त्यांना धडे दिले. कुत्रं जवळ आलं तर पळायचं नाही. डोळ्यात डोळे घालून पाहायचं नाही. हात खाली सोडून झाडासारखं उभं राहायचं. आणि हातातली काठी उचलायची नाही, काहीही झालं तरी नाही. हे मी इतक्यांदा सांगितलं की एकदा त्या म्हणाल्या, बाई, काठी घरीच ठेवू का? हळूहळू त्या मैदानाला फेऱ्या मारायला लागल्या आणि दमल्या की बाकावर बसायला लागल्या. बाकापासून कुत्री लांब ठेवायची असा मी आणखी एक नियम काढला. दिवाळीच्या सुमाराला तर त्यांनी आमच्या कुत्र्याच्या पाठीला एक बोट लावलं आणि लगेच पदराला पुसलं. मला आपण काहीतरी मोठं केल्यासारखं वाटलं होतं. गर्वच होता तो, दुसरं काय.

मग चंपाषष्ठी आली.

आमचं कुलदैवत खंडोबा. त्याच्यासोबत कुत्रं असतं, म्हणून त्या दिवशी नैवेद्य दाखवला की घरातल्या कोणी जेवायच्या आधी कुत्र्याला घालायचा. सासूबाई होत्या तोवर त्या ताट घेऊन गल्लीत उभ्या राहायच्या. सगळी कुत्री जमायची. एकदा मी दारातच बांधलेल्या शेजारच्या कुत्र्यापुढे तुकडा टाकायला गेले तर त्यांनी हात धरला. "बांधल्या जनावराले निवद चालत नाई," त्या म्हणाल्या, "त्यानं आपल्या पायानं यावं, तवाच देवाले पावते." सासूबाई जाऊन किती वर्षं झाली, पण त्यांचं बोलणं माझ्यातून गेलेलं नाही. नियमांचंही असंच असतं. कोणता कोणावर चढेल हे आधी कळत नाही.

त्या दिवशी पहाटे उठून मी गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजले, वांग्याचं भरीत केलं, पूजा उरकली. कुत्र्यांसाठी तुपात बुडवलेले नुसते रोडगे वेगळे काढले. कांदा-लसूण कुत्र्याला सोसत नाही, म्हणून भरीत घेतलं नाही. एवढी काळजी मी केली होती. कांद्याची काळजी केली, हे आठवलं की आजही मला स्वतःची चीड येते.

डबा घेऊन मी ओपन स्पेसला गेले. कडुनिंबाखालची जागा स्वच्छ असते म्हणून तिथेच, बाकाजवळ, पत्रावळी मांडल्या. मावशी बाकावर बसल्या होत्या. मी आमच्या कुत्र्याची साखळी काढली आणि बाकीच्यांनाही काढायला सांगितली. कृषी केंद्रवाले भाऊ घुटमळले. खायचं मैदानात आणायचं नाही हे तुम्हीच सांगता, असं त्यांनी हसत का होईना, पण म्हटलं. मी म्हटलं, आजचं देवाचं आहे. त्यांनी साखळी काढली. क्लार्कनेही काढली.

आणि इथे मी थांबले असते तरी चाललं असतं. पण मला मावशींचं भलं करायचं होतं. मी रोडग्याचा एक मोठा तुकडा त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, तुम्हीही घाला, पुण्य मिळेल. त्या नको नको म्हणत होत्या. मी त्यांची बोटं मिटवली त्या तुकड्यावर.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. तुपाचा वास तिघांनाही आला. पामेरियन आधी भुंकला, अल्सेशियन घाबरून अंगावर गेला, आमचा मध्ये पडला. पत्रावळी उधळल्या. तिघांचा एक गुंता झाला आणि तो गुंता बाकावर आला, कारण रोडगा तिथे होता. मावशींनी उजव्या मुठीत तो घट्ट धरला होता, भीतीने मूठ उघडत नव्हती. डाव्या हाताने त्यांनी काठी उचलली. मग त्यांच्या तोंडून आवाज आला. कुत्री वेगळी केली तेव्हा त्यांच्या तळव्यातून रक्त येत होतं. आमच्या कुत्र्याचा कान फाटला होता.

चावलं कोण, हे कोणाला दिसलं नाही. भाऊ म्हणाले, आमचा नाही. क्लार्क म्हणाला, आमचा तर एवढासा आहे. मीही म्हटलं, आमचा नसेल. तिघांनी आपापल्या साखळ्या लावल्या आणि मग मावशींकडे पाहिलं. या क्रमानेच झालं ते.

क्लार्कची बायको जखमेत तिखट भरायला घरून डबी घेऊन धावत आली होती. मी ते होऊ दिलं नाही. मावशींचा हात मी आमच्या अंगणातल्या नळाखाली धरला, साबण लावून खूप वेळ धुतला, आणि ऑटोने त्यांना दवाखान्यात नेलं. त्यांची सून सोबत होती. तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं, कसं काय झालं? कोणी काही बोलायच्या आत मी म्हटलं, "मी यांना कितीदा सांगतलं होतं, काठी उचलायची नाई."

त्या वाक्यातला शब्द न् शब्द खरा होता. मावशी भिंतीकडे पाहत होत्या. सुनेने मान खाली घातली. डॉक्टरने समजल्यासारखी मान हलवली आणि इंजेक्शनं लिहून दिली.

मला वाटलं होतं, आता लोक बोलतील. आमच्याकडे लोक बोलायला कमी करत नाहीत. पण कोणी काही बोललं नाही. उलट, बाईंनी लगेच साबणाने हात धुतला म्हणून बरं, असं माझं कौतुक झालं. मावशींचा मुलगा भेटला तर म्हणाला, देवाचं काम होतं बाई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. भाऊंनी तर सांगितलं की खंडोबाचं कुत्रं चावणं शुभच असतं. असं कुठे असतं? मी पोळ्या करून मावशींकडे गेले आणि चुकलंच माझं म्हणाले, तर त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला, आणि "जाऊ द्या बाई, देवाचं होतं," एवढंच म्हणाल्या. सून इतकी अदबीने वागली की मला तिथे बसवेना. पूर्वी ती माझ्याशी भिंतीवरून गप्पा मारत मेथी निवडायची.

हाताची जखम भरली. पण मावशींचं चालणं बंद झालं. आमच्या गच्चीवरून त्यांचं अंगण दिसतं. सकाळी त्या खुर्ची टाकून उन्हात बसायच्या, पाय समोरच्या पाटावर ठेवून. सुरुवातीला पाय सरळ असायचा. नंतर गुडघ्याखाली उशी आली. एक दिवस त्या उठल्या तेव्हा सुनेने दोन्ही हातांनी उठवलं. मी वाळत घालायला आणलेलं धुणं तसंच हातात घेऊन खाली आले.

मी कुत्र्याला बांधून टाकलं. सकाळचं फिरणं बंद. मागच्या अंगणात साखळीला, तिथेच खाणं, तिथेच सगळं. तो माझ्याकडे पाहून शेपूट हलवायचा आणि मला त्याचा राग यायचा. त्याला दिवसभर रडायची सवय लागली. आमचे हे फारसे कशात बोलत नाहीत. तहसीलच्या ऑफिसात वर्षानुवर्षं दुसऱ्यांची भांडणं ऐकून त्यांचं बोलणं संपलेलं आहे. एकदा जेवताना त्यांनी विचारलं, "तू शिक्षा कोनाले देऊन राह्यली?" मी ताट घेऊन उठले.

संक्रांतीला मी मावशींकडे हळदीकुंकवाला गेले. त्यांनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि गोड गोड बोला म्हणाल्या. त्या गोडच बोलत होत्या, सगळेच गोड बोलत होते. मला कडू बोलणारं कोणीतरी हवं होतं. निघताना सून दारापर्यंत आली आणि हळू आवाजात म्हणाली की जालन्याच्या डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले, आता चालल्या नाहीत तर पाय सरळ होणार नाही, मग पुन्हा काही करता येत नाही. ऐकत कोणाचं नाहीत त्या. तुमचं ऐकायच्या, असं ती म्हणाली, आणि लगेच, तसं नाही म्हणायचं होतं मला, असंही म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मावशींच्या अंगणात जाऊन उभी राहिले. कुत्रा आणलेला नाही, ओपन स्पेसला जायचं नाही, फक्त गल्लीच्या टोकापर्यंत आणि परत, असं सांगितलं. त्या नाही म्हणाल्या. मी उभीच राहिले. हट्टही माझा जुनाच, पण त्या दिवशी मी त्यांचा हात धरला नाही की बोटं मिटवली नाहीत. बऱ्याच वेळाने त्यांनी काठी घेतली आणि उठल्या.

आम्ही निघालो. पाय वाकडाच पडत होता. प्रत्येक पावलाला त्या ओठ दाबत होत्या. आमच्या घरासमोर आलो तसा आतून कुत्रा रडायला लागला. त्याला माझी चाहूल लागली होती. साखळी ओढून ओढून तो असा काही आवाज काढत होता की मला ते मावशींसमोर नको झालं. मी म्हटलं, चला लवकर. त्या थांबल्या.

"त्याले काऊन बांधून ठेवलं?" त्यांनी विचारलं.

तुम्हाला त्रास नको म्हणून, असं काहीतरी मी पुटपुटले.

"त्यानं काय केलं?" मावशी म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "त्याच्यासमोर खायचं ठेवलं, तो आला. जनावर हाये ते. रोडगे तुमी आनले. साखळ्या सोडा म्हनून तुमी सांगतलं. माह्या मुठीत तुकडा तुमी देला. अन् दवाखान्यात काठीचं नाव घेतलं."

गल्लीत मोटरसायकल आली, आम्हाला वळसा घालून गेली. इतके दिवस मी माफी मागायची वाक्यं जुळवत होते.

"हाव, खरं हाये," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, एखादा हिशोब पटल्यासारखी, आणि पुढे चालायला लागल्या. टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. येताना त्या त्यांच्या वावरातल्या वांग्यांवर कीड पडली त्याबद्दल बोलत होत्या. मी ऐकत होते, आणि पदराने डोळे पुसत होते, आणि त्या तिकडे पाहत नव्हत्या. फाटकाशी त्या म्हणाल्या, उद्या त्याला घेऊन या, त्याचं रडणं मला दिवसभर ऐकू येतं.

मला हलकं वाटलं, हे कबूल करते. कोणीतरी मला बोललं म्हणून हलकं वाटावं, हेही थोडं लाजेचंच. पण रात्री नीट झोप लागली.

सकाळी मी कुत्र्याची साखळी लावली, कडी दोनदा तपासली, पट्टा हाताला गुंडाळला. मावशी फाटकात तयार होत्या. काठीचं टोक त्यांनी जमिनीला टेकवलं होतं आणि ते मला दिसावं म्हणून किंचित पुढे केलं होतं. कुत्रा त्यांना पाहून पूर्ण अंगाने हलायला लागला. मी त्याला आखडून धरलं आणि म्हटलं, आता तो काही करत नाही मावशी, भिऊ नका.

त्या भ्याल्या नव्हत्या. कुत्र्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. गल्लीच्या टोकापर्यंत आणि तिथून परत, पूर्ण वाटभर, त्या माझ्या साखळीच्या हाताकडे पाहत चालत होत्या.